हजार यंत्रं आणि एक जुळणी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे इथे समीकरणं लिहिली तरी लोक उठून जाणार नाहीत, असा दिलासा संयोजकांनी मला दिला होता. तरीही मी फळा मागितलेला नाही. आजचा विषय तोंडी सांगता येण्यासारखा आहे.

कैरोतल्या एका रुग्णालयापासून सुरुवात करतो. १९७७ साली अलवालिद एलशाफेई यांनी या रुग्णालयाच्या मांडणीवर एक लेख प्रसिद्ध केला. विभाग १९, जागाही १९. एका विभागातून दुसऱ्या विभागात वर्षाकाठी किती रुग्ण जातात याचे आकडे त्यांच्याकडे होते, आणि कुठली जागा कुठल्या जागेपासून किती लांब याचेही. प्रश्न असा, की कुठला विभाग कुठे ठेवला म्हणजे सगळ्या रुग्णांची मिळून पायपीट कमीत कमी होईल? आजारी माणसाला एक्स-रेसाठी या टोकाला आणि औषधासाठी त्या टोकाला पाठवणारी रुग्णालयं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण १९ विभाग १९ जागांवर बसवण्याचे प्रकार किती? १२ लिहून त्यापुढे सोळा शून्यं द्यावीत, इतके.

आता कोणी म्हणेल, प्रकार पुष्कळ आहेत म्हणून प्रश्न अवघड झाला. तसं नाही. १९ माणसं आणि १९ कामं आहेत, कुठल्या माणसाला कुठल्या कामाचे किती पैसे द्यावे लागतील हे माहीत आहे, आणि एकूण खर्च कमीत कमी हवा, अशी कल्पना करा. इथेही प्रकार तितकेच. पण हा प्रश्न सोपा आहे. १९५५ साली हॅरल्ड कून यांनी त्याची रीत दिली. केनिग आणि एगरव्हारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी होती, म्हणून कून यांनी तिला 'हंगेरियन पद्धत' असं नाव दिलं. आजचा साधा लॅपटॉप हजार माणसं आणि हजार कामं यांची उत्तम जुळणी आपण चहाचा कप उचलेपर्यंत करून देतो.

फरक कुठे आहे? माणूस आणि काम यांच्या प्रश्नात एका जोडीचा खर्च बाकीच्या जोड्यांवर अवलंबून नाही. रुग्णालयात तसं नाही. क्ष-किरण विभाग कुठे ठेवावा हे अस्थिरोग विभाग कुठे आहे यावर ठरतं, आणि अस्थिरोग विभाग कुठे ठेवावा हे क्ष-किरण विभागावर. खर्च जोडीला लागत नाही, जोड्यांच्या जोडीला लागतो. कूपमन्स आणि बेकमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९५७ साली कारखान्यांच्या जागा ठरवताना हा प्रश्न मांडला. त्याला 'क्वाड्रॅटिक असाइनमेंट' म्हणतात. मी त्याला आज नुसतं 'अवघड जुळणी' म्हणेन.

हा प्रश्न ग्राफच्या भाषेतही मांडता येतो. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. विभागांचा एक ग्राफ काढा, रेषेवर रुग्णांची संख्या लिहा. जागांचा दुसरा ग्राफ काढा, रेषेवर अंतर लिहा. आता पहिला ग्राफ दुसऱ्यावर असा ठेवायचा आहे, की जाड रेषा आखूड रेषांवर पडाव्यात. एक ग्राफ दुसऱ्यावर बसवण्याचा हाच प्रश्न रूप बदलून सगळीकडे येतो: दोन छायाचित्रांतली एकच इमारत ओळखताना, दोन जीवांमधल्या प्रथिनांची जाळी ताडून पाहताना. फळमाशीच्या अळीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३,०१६ चेतापेशी आहेत. मेंदूच्या डाव्या बाजूची कुठली पेशी उजव्या बाजूच्या कुठल्या पेशीची जोडीदार, हे ठरवायला संशोधकांनी हेच गणित वापरलं.

या प्रश्नाचा काटेकोर निकाल नको, जवळपासचं उत्तर चालेल, अशी सवलत मागून पाहावी तर तीही मिळत नाही. पुण्यात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ सरताज साहनी यांनी तिओफिलो गोन्झालेझ यांच्याबरोबर १९७६ साली दाखवून दिलं, की या प्रश्नाचं ठरावीक पटीच्या आतलं उत्तर हमखास देणारी जलद रीत सापडली, तर जगातले बहुतेक सगळे अवघड समजले जाणारे प्रश्न एका झटक्यात सोपे होतील. तसं होईल यावर आमच्यापैकी कोणी पैज लावणार नाही. साहनींचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मग साहजिकच लोक म्हणतात, यंत्रं वाढवा. एका यंत्राला हजार वर्षं लागत असतील तर हजार यंत्रांना एक वर्ष लागेल. पुण्याला ही भाषा नवी नाही. १९९१ साली सी-डॅकनं 'परम ८०००' इथेच उभा केला, आणि त्यामागचा विचार नेमका हा होता: एक महाबलाढ्य प्रोसेसर परदेशातून मिळत नसेल, तर ट्रान्सप्युटरसारख्या लहान चिपा पुष्कळ संख्येनं एकत्र जोडून कामाला लावू. हवामानासारख्या कामांना हा विचार फार चांगला लागू पडतो. नकाशाचे चौकोन पाडता येतात, प्रत्येक चौकोन एकेका प्रोसेसरला देता येतो, आणि त्यांनी फक्त शेजाऱ्याशी बोललं की भागतं.

अवघड जुळणीचे असे चौकोन पडत नाहीत. साधा हिशेब करू. ३० विभाग आणि ३० जागा घ्या. प्रकार होतात २६५ आणि त्यापुढे तीस शून्यं. सेकंदाला एक लाख कोटी प्रकार तपासणारं यंत्र आणलं तरी ८.४ लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आज १,३८० कोटी वर्षं मानतात; म्हणजे त्याच्या सहाशे पट. आता हजार यंत्रं आणा. वर्षं ८४० कोटी उरली. दहा लाख यंत्रं आणली तरी ८४ लाख वर्षं. आणि एवढी कष्टानं जमवलेली दहा लाख यंत्रं बाजूच्या इमारतीत चालू असताना कोणी फक्त पाच विभाग वाढवले, की केलेलं सगळं पाण्यात. ३५ विभागांचं गणित ३० च्या तुलनेत जवळजवळ चार कोटी पट मोठं आहे. यंत्रं गुणाकारानं आणली तरी प्रश्न त्याहून जोरात पळतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: समांतर संगणनात यंत्रांची संख्या ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट असते. काय तपासायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि एकमेकांशी न बोलता यंत्रांचं एकमत कसं व्हावं हेही. या दोन्ही गोष्टी कागदावर ठरतात.

पहिल्या गोष्टीची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला फार आवडते.

१९६८ साली नुजंट, व्होलमन आणि रमल या तिघांनी अवघड जुळणीचे काही नमुने छापले, म्हणजे निरनिराळ्या पद्धती त्यांच्यावर घासून पाहता याव्यात. त्यातला सर्वांत मोठा ३० चा, जागा ५ बाय ६ च्या चौकटीत मांडलेल्या. तो 'नग ३०' या नावानं प्रसिद्ध झाला. पुढच्या काळात अंदाजपंचे शोधणाऱ्या चतुर पद्धतींनी त्याचं ६,१२४ किमतीचं उत्तर काढलं. यापेक्षा चांगलं कोणालाच सापडेना. पण सापडत नाही आणि अस्तित्वातच नाही या दोन विधानांमध्ये गणितज्ञाच्या दृष्टीनं समुद्र आहे. ६,१२२ चं एखादं उत्तर कुठे दडून बसलं असेल तर? तो प्रश्न ३२ वर्षं तसाच राहिला.

तो सोडवला चौघांनी: आयोवा विद्यापीठातले कर्ट अँस्ट्रायकर आणि नेथन ब्रिक्सियस, आणि आरगॉन प्रयोगशाळेतले ज्याँ-पिएर गू आणि जेफ लिंडरॉथ. त्यांची मूळ रीत जुनीच होती, 'ब्रँच अँड बाउंड'. ती आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० साली मांडली. पहिल्या विभागाला एक जागा द्या, ही एक फांदी. दुसरी द्या, ही दुसरी फांदी. प्रत्येक फांदीवर थांबून विचारा: इथून पुढे काहीही केलं तरी किंमत निदान किती होईल? ती ६,१२४ पेक्षा खाली येऊच शकत नसेल, तर ती सगळी फांदी न बघता तोडून टाका. सगळं यश या 'निदान किती' च्या उत्तरावर अवलंबून. ते उत्तर ढिलं असेल तर फांद्या तुटत नाहीत आणि झाड आकाशाला भिडतं. ते घट्ट काढायचं तर प्रत्येक फांदीवर इतका वेळ जातो, की झाड लहान असूनही संपत नाही. अँस्ट्रायकर आणि ब्रिक्सियस यांनी या दोन टोकांच्या मधली एक नवी मर्यादा शोधली. घट्टही बऱ्यापैकी, आणि झटपटही.

आता यातली गंमत ऐका. ही नवी मर्यादा काढताना प्रत्येक पायरीवर एक सोपी जुळणी सोडवावी लागते. तीच, कून यांची, माणसं आणि कामं असलेली. म्हणजे अवघड जुळणीच्या पोटात सोपी जुळणी बसलेली आहे, आणि अवघड प्रश्न सोडवायचा म्हणजे सोपा प्रश्न असंख्य वेळा सोडवायचा. 'असंख्य' हा शब्द मी सवयीनं वापरला. आकडा मोजलेला आहे. नग ३० साठी त्यांनी सोप्या जुळण्या सोडवल्या ५७४ अब्ज. झाडाचे बिंदू तपासले ते सुमारे १,१८९ कोटी. २६५ पुढे तीस शून्यं कुठे आणि १,१८९ कोटी कुठे! बाकीचं सगळं न बघताच तुटलं होतं.

आणखी एक बारकावा, जो शाळेतल्या मुलालाही कळेल. ५ बाय ६ ची चौकट आडवी उलटली किंवा उभी उलटली तरी अंतरं बदलत नाहीत. म्हणून पहिला विभाग ३० जागांवर ठेवून बघायची गरजच नाही. एका कोपऱ्यातल्या ९ जागा बघितल्या की पुरे, उरलेल्या २१ त्यांचीच प्रतिबिंबं. एकही यंत्र विकत न घेता दोन तृतीयांशाहून अधिक काम गेलं.

एवढं झाल्यावर मग यंत्रांची गोष्ट येते. झाड केवढं होईल याचा अंदाज त्यांनी आधी बांधला. डोनल्ड कनुथ यांनी १९७५ साली यासाठी एक नामी युक्ती दिली होती: झाडात काही वाटा यदृच्छया चालून बघा, वाटेत किती फांद्या फुटतात ते मोजा, त्यावरून सगळ्या झाडाचा अदमास घ्या. अंदाज आला, की एका यंत्रावर काही वर्षांचं काम आहे. म्हणजे विश्वाच्या वयाच्या हिशेबातून प्रश्न माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात आला होता. कागदानं हे केलं. इथून पुढे यंत्रांचा उपयोग होता.

त्यांनी महासंगणक विकत घेतला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन लिव्हनी यांच्या गटानं 'काँडॉर' नावाची प्रणाली बनवली होती. टेबलावरचे संगणक रात्री, जेवणाच्या सुट्टीत, बैठका चालू असताना रिकामे बसलेले असतात. काँडॉर त्यांना दुसऱ्याच्या कामाला जुंपते. मालकानं येऊन कळफलकाला हात लावला, की पाहुणं काम मुकाट्यानं उठून जातं. विस्कॉन्सिन, आरगॉन, जॉर्जिया टेक आणि इटलीतल्या प्रयोगशाळांपर्यंतची यंत्रं त्यांनी अशी उसनी घेतली. जून २००० मध्ये जवळजवळ सात दिवस हे काम चाललं. सरासरी साडेसहाशे यंत्रं एका वेळी कामावर होती, गर्दीच्या वेळी हजारांवर गेली. गुणाकार केला तर यंत्रांची बारा वर्षं होतात. शेवटी सिद्ध झालं, की ६,१२४ हेच सर्वोत्तम. उत्तर बदललं नाही. फक्त ते आता प्रमेय झालं.

कुठलं यंत्र कधी निघून जाईल याचा भरवसा नसताना काम कसं चालवलं? मध्ये एक मुकादम यंत्र, बाकीची मजूर. मुकादम फांदी देतो, मजूर काही वेळ ती फोडत बसतो आणि उरलेले तुकडे परत करतो. मजूर मध्येच गायब झाला तर मुकादम तीच फांदी दुसऱ्याला देतो. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात तुकडा फार लहान ठेवला तर हजार मजूर मुकादमाच्या दाराशी रांग लावून उभे राहतात, आणि फार मोठा ठेवला तर शेवटी दोन मजूर राबतात आणि बाकीचे बसून राहतात. जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली बजावलेलं होतं, की कामाचा पाच टक्के भाग जरी वाटून देता येत नसेल, तर यंत्रं कितीही आणा, वेग वीस पटीपलीकडे जाणार नाही. या चौघांनी झाडाच्या वरच्या भागात एक नियम आणि खालच्या भागात दुसरा, असे नियम बदलत तुकड्यांचा आकार सांभाळला. मजुरांचा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ खऱ्या कामात गेला. सरकारी असो की खाजगी, कुठल्या कार्यालयात हा आकडा गाठला जातो ते मला कोणी सांगावं.

इथे साहनी परत येतात. १९८४ साली त्यांनी आणि लाय यांनी दाखवलं, की ब्रँच अँड बाउंडमध्ये यंत्रं वाढवली तर काम कधीकधी उलट सावकाश होऊ शकतं, आणि कधी दुप्पट यंत्रांनी दुपटीहून जास्त वेगही मिळू शकतो. कारण शोधाचा क्रम बदलतो. एखाद्या यंत्राला योगायोगानं चांगलं उत्तर लवकर मिळालं, तर बाकीच्यांच्या ढीगभर फांद्या आपोआप तुटतात. दैव फिरलं तर सगळे मिळून निरुपयोगी फांद्या फोडत बसतात. म्हणून 'आमच्या प्रणालीत वेग अमुक पट वाढला' अशी जाहिरात वाचली, की मी आधी विचारतो: सर्वोत्तम उत्तर सुरुवातीला हातात होतं का? नग ३० मध्ये ६,१२४ आधीपासून हातात होतं. त्यामुळे कुठल्या फांद्या तोडता येतील हे क्रमावर फारसं अवलंबून नव्हतं, आणि म्हणून त्या नव्वद टक्क्यांवर विश्वास ठेवता येतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळतो: एकमेकांशी न बोलता एकमत. इथे सोपी जुळणीच अवघड होऊन समोर येते.

तुमच्याकडे ग्राफ आहे, आणि प्रत्येक बिंदूला बरोबर एक जोडीदार मिळेल अशा रेषा निवडायच्या आहेत. याला पूर्ण जुळणी म्हणू. एका यंत्रावर हे सोपं आहे. कुठल्याही ग्राफसाठी ते जॅक एडमंड्स यांनी १९६५ साली दाखवलं. पण त्यांची रीत एकापुढे एक पाऊल टाकत जाते. आपल्याला हवी आहे अशी रीत, की प्रत्येक रेषेवर एक प्रोसेसर बसवावा आणि सगळ्यांनी मिळून, ग्राफ कितीही मोठा असला तरी, मोजक्या पावलांत काम संपवावं. अडचण गंमतशीर आहे. ग्राफमध्ये पूर्ण जुळण्या नसतील तर प्रश्नच मिटला. पण असतील तर सहसा पुष्कळ असतात. पाचसहा मित्रांनी संध्याकाळी चहाला भेटायचं ठरवलं आणि 'कुठेही चालेल' असं प्रत्येकानं उदारपणे सांगितलं, तर प्रत्येकजण वेगळ्या हॉटेलात बसून वाट बघतो. प्रोसेसरांचं तसंच होतं. हा एका जुळणीच्या मागे, तो दुसरीच्या, आणि दोन अर्धवट जुळण्या मिळून एक पूर्ण जुळणी होत नाही. इथे उत्तरांची टंचाई नाही, सुकाळ झालाय, आणि त्या सुकाळानंच काम अडतं.

१९८७ साली यावर एक अप्रतिम तोडगा निघाला. काढणारे तिघे: आयआयटी मुंबईतून बी.टेक. झालेले केतन मुळमुळे, आणि उमेश व विजय वझिरानी हे दोघे भाऊ. त्यांनी म्हटलं, ग्राफमध्ये शंभर रेषा असतील तर प्रत्येक रेषेला १ ते २०० मधला एक आकडा चिठ्ठी काढून द्या. जुळणीतल्या रेषांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या जुळणीचं वजन. आता सगळ्यांनी सर्वांत हलक्या जुळणीच्या मागे जायचं. पण सर्वांत हलक्या दोन निघाल्या तर? तशी शक्यता निम्म्याहून जास्त नाही, असं त्यांनी सिद्ध केलं. ग्राफमध्ये जुळण्या कोट्यवधी असल्या तरी.

सिद्धता ऐकण्यासारखी आहे, आणि दोन मिनिटांत होते. कुठलीही एक रेषा घ्या. बाकीच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या, हिची तेवढी झाकलेली. हिचा आकडा फार लहान निघाला तर सर्वांत हलकी जुळणी हिला घेणारच; फार मोठा निघाला तर टाळणारच. 'घेऊ की टाळू' असा पेच पडेल तो फक्त एका नेमक्या आकड्याला. २०० पैकी तो एकच आकडा निघण्याची शक्यता दोनशेत एक. रेषा शंभर. म्हणून कुठल्यातरी एका रेषेबाबत पेच पडण्याची शक्यता फार तर शंभर भागिले दोनशे, म्हणजे निम्मी. आणि कुठल्याच रेषेबाबत पेच नसेल तर सर्वांत हलकी जुळणी एकच आहे. झालं. याला 'आयसोलेशन लेमा' म्हणतात. जुळण्या किती आहेत हे सिद्धतेत कुठे आलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिचं सौंदर्य तिथेच आहे.

एकच जुळणी ठरली, की उरतं ते दहावीतलं गणित. क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक आठवतो ना? रेषेचा आकडा दोनच्या घातांकात घालून एक मोठा निश्चयक मांडायचा. एकाहून जास्त हलक्या जुळण्या असत्या तर अधिक-उणे चिन्हांमुळे त्या एकमेकींना खोडून टाकू शकल्या असत्या. एकच असल्यामुळे ती टिकते, आणि निश्चयकाला दोननं किती वेळा पूर्ण भाग जातो यावरून तिचं वजन कळतं. मग प्रत्येक रेषेचा प्रोसेसर आपली दोन टोकं काढून टाकून लहान निश्चयक काढतो आणि स्वतःपुरतं ठरवतो: मी त्या जुळणीत आहे की नाही. शेजाऱ्याला विचारायची गरज नाही. निश्चयक समांतर पद्धतीनं झटपट काढता येतो हे लास्लो चाँकी यांनी १९७६ सालीच दाखवलं होतं. इथे चिन्हांचं महत्त्व बघा. निश्चयकातली उणे चिन्हं पुसून सगळी अधिक केली, की तोच हिशेब 'पर्मनंट' होतो, म्हणजे जुळण्यांची मोजदाद. आणि ती मोजदाद किती भयंकर अवघड आहे हे लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ साली सिद्ध केलं.

राहिली एक खुटखुट. चिठ्ठ्या. दैवावर न विसंबता ते आकडे ठरवता येतील का? जवळजवळ तीस वर्षं यात म्हणावी तशी हालचाल झाली नाही. २०१६ साली स्टीफन फेनर, रोहित गुर्जर आणि थॉमस थिएराउफ यांनी दोन गटांत विभागलेल्या, म्हणजे प्रत्येक रेषा एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या ग्राफपुरतं त्याचं जवळपास उत्तर दिलं. गुर्जर आता आयआयटी मुंबईत शिकवतात. त्यांची कल्पना अशी: दोन हलक्या जुळण्या एकमेकींवर ठेवल्या की त्यांतून वर्तुळं तयार होतात, म्हणून वर्तुळंच मोडा. आधी चार रेषांची मोडतील असे आकडे द्या, मग आठ रेषांपर्यंतची, मग सोळा. दर खेपेला लांबी दुप्पट, त्यामुळे फार थोड्या खेपांत वर्तुळ उरतच नाही. पुढच्याच वर्षी ओला स्वेन्सन आणि याकुब तार्नाव्स्की यांनी हे सर्वसाधारण ग्राफपर्यंत नेलं. 'जवळपास' म्हणायचं कारण, या रीतींना लागणारे प्रोसेसर सिद्धांताला मान्य असलेल्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त आहेत. विजय वझिरानी यांनी नीमा अनारी यांच्याबरोबर २०१८ साली सपाट कागदावर रेषा न छेदता काढता येणाऱ्या ग्राफसाठी ती मर्यादाही पाळून दाखवली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कुठलाही अभियंता जुळणी करायला निश्चयक काढत बसत नाही. प्रत्यक्षात दिमित्री बर्टसेकस यांची १९७९ सालची लिलावाची रीत चालते: कामाविना असलेली सगळी माणसं एकाच वेळी बोली लावतात, वस्तूंचे भाव चढत जातात, आणि ग्राफिक्स कार्डांना ती उत्तम मानवते. काटेकोर उत्तराची गरज नसेल तर याहूनही साधं: प्रत्येक बिंदूनं आपल्या सर्वांत वजनदार रेषेवरच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं, दोघांची बोटं एकमेकांकडे असली की जोडी पक्की. सर्वांत जड जुळणी हवी असेल, तर तिच्या निदान निम्मं वजन मिळतंच. आणि अवघड जुळणीत, त्या फळमाशीच्या मेंदूसारख्या ठिकाणी, सोप्या जुळण्या एकामागून एक सोडवत उताराकडे सरकायचं, वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या जागांपासून सुरुवात करायची आणि हाती लागेल ते सर्वोत्तम उत्तर घ्यायचं. हमी नाही, पण काम होतं. या कामचलाऊ रीतींना सिद्धांतवाले नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. ६,१२४ हा आकडा शेवटी कामचलाऊ रीतींनीच शोधला होता.

आणि यंत्रांचं म्हणाल, तर २०२१ साली जपान, जर्मनी, सिंगापूर वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी, लाखाहून अधिक प्रोसेसर हाताळू शकणाऱ्या एका चौकटीच्या आणि अधिक घट्ट मर्यादेच्या जोरावर, अवघड जुळणीचा आणखी एक जुना नमुना प्रथमच पूर्ण सोडवला. त्यात विभाग होते ४२. दोन दशकांत संगणकाचा वेग कुठल्या कुठे गेला, आणि आपण ३० वरून ४२ वर आलो.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. दोन गटांत विभागलेल्या ग्राफची पूर्ण जुळणी, चिठ्ठी न काढता आणि प्रोसेसरांची रास्त मर्यादा पाळून, समांतर पद्धतीनं शोधता येते का, हा प्रश्न सुटलेला नाही. त्याला महासंगणक लागत नाही. १९८७ चा तो निबंध अवघ्या काही पानांचा आहे, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं बीजगणित आणि थोडी संभाव्यता येत असली तर वाचता येतो. २०१६ चा निबंध इंटरनेटवर फुकट मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही वाचा, आणि अडलं तर मला पत्र लिहा.